पंचवीस साड्या, चार जीन्स, एक कपाट. काय ठेवू?

पेठकरीण | रविवार, सकाळी ११:२०

मंडळी, पुढच्या महिन्यात आम्ही सदाशिव पेठेतून बाणेरला राहायला जातोय. नव्या घरात माझ्या वाटणीला एकच कपाट आलंय, तेही दोन दारांचं. (हा तह कसा झाला तो वेगळ्या धाग्याचा विषय आहे.)

मागच्या पाडव्याला मी एक उद्योग करून ठेवला होता. कपाटातले सगळे हँगर उलटे टांगले. कपडा वापरून, धुऊन परत ठेवताना हँगर सुलटा करायचा. वर्ष झालं, काल मोजदाद केली. पंचवीस साड्यांपैकी सुलट्या फक्त चार, आणि त्यातली एक हळदीकुंकवाला नेसून तासाभरात सोडलेली. जीन्स चार, चारही सुलट्या. दोन मांडीशी विरल्यात, एकीला रफू झालंय. कुर्ते अठरा, त्यातले अकरा सुलटे. ऑफिसचे फॉर्मल पँट-शर्ट तीन जोड, एकच वापरला, तोही परदेशी क्लायंट आला म्हणून. आणि लेकीने वाढदिवसाला दिलेला वनपीस. शून्य. ती इथे येत नाही म्हणून लिहितेय.

गंमत म्हणजे मला साडी मनापासून आवडते आणि जीन्स अजिबात आवडत नाही. तरी हँगर हे असं सांगतायत. ऑफिस येरवड्याला. कधी स्कूटर, कधी डेक्कनवरून मेट्रो. वय ४७.

तर विचारायचंय असं, की दिसायला, सोयीला आणि रोजच्या धबडग्याला पाश्चात्य कपडे खरंच सरस आहेत, की मीच आळशी आहे? नवऱ्याचं मत विचारलेलं नाही, इथेही कोणी त्याची बाजू घेऊ नये.


डेक्कनचा_टोण्या | ११:४१

पंचवीसच? आईला दाखवतो हा धागा.


आत्याबाई | दुपारी १:०५

आधी एक. कोणी ‘साडी घातली’ लिहिलं तर मी धागा सोडून जाईन. साडी नेसतात, सदरा घालतात, शाल पांघरतात, फेटा बांधतात. पेठकरीण, तू ‘नेसून’ लिहिलंस, शाबास.

हे नुसतं शुद्धलेखन नाही बरं का. आपल्या भाषेने कपड्यांची वाटणी पूर्व-पश्चिम अशी केलेलीच नाही. अंगाभोवती गुंडाळून घ्यायचं ते नेसायचं, शिवलेल्यात शिरायचं ते घालायचं. आमच्या आजीच्या लेखी विजार काय, लेंगा काय आणि तुझी जीन्स काय, सगळी ‘घालायची’ जातच.

मी एकतीस वर्षं मुलींच्या शाळेत शिकवलं. पाचवारी नेसून, सायकलवर. निऱ्या जरा वर खोचायच्या, पदर कमरेला, सायकलच्या मागच्या चाकाला जाळी. एकदाही पडले नाही. आणि तरी खरं सांगते, निवृत्तीच्या दुसऱ्या दिवसापासून ड्रेस घालते. गुडघे. बसची पायरी चढताना एका हातात पिशवी, एका हातात दांडा, मग निऱ्या धरायला तिसरा हात कुठून आणू?

आणि हा ‘ड्रेस’ म्हणजे तुमचा सलवार-कमीज. आम्ही त्याला पंजाबी ड्रेस म्हणायचो. माझ्या धाकट्या जावेने लग्नानंतर पहिल्यांदा घातला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, ‘हे काय पंजाब्यांचं सोंग!’ आज तोच आपला भारतीय पोशाख. तेव्हा ‘आपलं’ काय नि ‘परकं’ काय, ते चाळीस वर्षांत बदलतं.


हिंजवडी_फेज३ | दुपारी १:३०

आत्याबाई, जाळीवरून आठवलं. कर्वे रस्त्यावर माझी ओढणी स्कूटरच्या मागच्या चाकात गेली होती. वेग नव्हता म्हणून वाचले. एका रिक्षावाल्या काकांनी थांबून पानाच्या कात्रीने ओढणी कापून दिली आणि वर ऐकवलं, ‘ताई, गळ्याला गाठ मारून बसत जाऊ नका.’

तेव्हापासून ओढणी बंद. स्कूटरवर मात्र अंगावर असतं ते असं: जीन्स, कुर्ता, त्यावर पांढरा सनकोट, हातमोजे, चेहऱ्याला स्कार्फ, त्यावर हेल्मेट. बाहेरगावच्या मैत्रिणीने विचारलं होतं, तुमच्याकडे सगळ्या मुली दरोडा घालायला निघाल्यासारख्या का दिसतात? आता हा पोशाख पूर्वेचा की पश्चिमेचा ते तुम्हीच ठरवा. मी याला पुण्याचा म्हणते.


काळाकोट | दुपारी २:१५

मागच्या चाकाला अर्धं झाकणारं आवरण असावं, मागे बसणाऱ्याचे कपडे त्यात अडकू नयेत, हे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये लिहिलेलं आहे. नियम १२३. ज्याला आपण साडीगार्ड म्हणतो ते. ‘लुक जातो’ म्हणून काढून टाकणाऱ्यांनी नोंद घ्यावी. आपल्याकडे साडीसाठी वाहनाचा नियम झाला, उलटं झालं नाही, ही मला फार आवडणारी गोष्ट आहे.

माझा स्वतःचा अनुभव पोशाखाच्या बाबतीत वाईट आहे. एप्रिलमध्ये शिवाजीनगर कोर्टात दुपारी तीन वाजता काळा कोट, पांढरा बँड. नियमाने उन्हाळ्यात कोट सक्तीचा नाही, फक्त सर्वोच्च आणि उच्च न्यायालयात आहे. तरी अर्धे लोक घालतात, कारण कोट नसला की पक्षकाराला वकील वाटत नाही. एक पक्षकार मला विचारून गेला, ‘वकीलसाहेब कुठेत?’

अजून एक. बार कौन्सिलच्या नियमांत पुरुष वकिलांना पँटऐवजी धोतर चालतं. जीन्स चालत नाही असं स्पष्ट लिहिलंय आणि धोतर चालतं असंही. अचकन, शेरवानीही चालते. एवढी मुभा असून पंचवीस वर्षांत धोतरातला एकही वकील मी पाहिला नाही. मीही नेसलो नाही. का, तर फायली. दोन्ही हातांत फायली आणि जिना. आत्याबाईंचा तिसरा हात आम्हालाही लागतो.


परंपरा_जपा | दुपारी ३:०२

सगळं ठीक आहे पण आपल्या हवामानाला आपलेच कपडे योग्य, हे विज्ञान आहे. पाश्चात्यांचे घट्ट कपडे थंड देशातले. आपण आंधळेपणाने उचलले. संस्कृती अशीच जाते.


हिंजवडी_फेज३ | दुपारी ३:०९

काका, तुम्ही धोतर नेसता?


परंपरा_जपा | दुपारी ३:२०

नेसतो. गणपतीत.


परंपरा_जपा | दुपारी ३:२१

रेडिमेड. वेल्क्रोचं. हसू नका, दोन मिनिटांत होतं.


डेक्कनचा_टोण्या | दुपारी ३:२२

म्हणजे काका धोतर घालतात. आत्याबाई, ऐकताय ना?


ताणाबाणा | सायंकाळी ६:४०

परंपरा_जपा अर्धे बरोबर आहेत, पण कारण चुकलंय. कापड आधी बघा, कट नंतर. मी वस्त्रोद्योगात आयुष्य काढलंय म्हणून थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

कापसाचा धागा हवेतली ओल धरतो. प्रयोगशाळेच्या ठरलेल्या हवेत त्याच्या कोरड्या वजनाच्या साडेआठ टक्क्यांच्या आसपास. पॉलिएस्टर धरतो ०.४ टक्के. म्हणजे घाम टिपायची पॉलिएस्टरची मुळात ऐपतच नाही. खेळाडूंचे पॉलिएस्टरचे टी-शर्ट कोरडे वाटतात ते घाम पिऊन नाही, धाग्यांमधल्या बारीक फटींतून तो पृष्ठभागावर पसरतो आणि उडतो. ती वीणच तशी केलेली असते. ‘कॉटन फील’ म्हणून रस्त्यावर जो चकचकीत कुर्ता मिळतो त्यात यातलं काहीच नसतं. तो घालून मे महिन्यात लक्ष्मी रस्त्यावर फिरणारी व्यक्ती ‘आपल्या’ पोशाखात आहे आणि शिजते आहे. तिच्या शेजारून सुती हाफ शर्टात जाणारा ‘पाश्चात्य’ माणूस मजेत आहे.

शंका आली तर आतल्या शिवणीतला एक धागा काढून जाळून बघा. सुती धागा कागदासारखा जळतो, मऊ राख होते. पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. (अंगावर असताना करू नये. हे लिहावं लागतं, कारण एकाने विचारलं होतं.)

आता जीन्स. तीही सुतीच. मग गरम का? साधारण डेनिम चौरस मीटरला ४०० ग्रॅमच्या घरात असतं. सुती साडी त्याच्या चौथाईच्या आसपास. आणि डेनिम अंगाला चिकटलेलं, हवा खेळत नाही. पण आज बायकोच्या नकळत स्वयंपाकघरातल्या काट्यावर दोन्ही ठेवलं: जीन्स ६१० ग्रॅम, साडी ५४०. म्हणजे अंगावरचं ओझं जवळपास तेवढंच, साडीत ते मोठ्या जागेत पसरलेलं आणि मध्ये हवा. जुलैत वाळत घाला आणि फरक बघा. साडी छताच्या दांडीवर रात्रीत वाळते. जीन्सचा कमरपट्टा आणि खिसे तिसऱ्या दिवशीही ओलसर, आणि मग तो वास.


ताणाबाणा | सायंकाळी ६:५८

काट्याचं कळलंय. काटा धुऊन ठेवलाय.


मी_मुंबईकर | रात्री ८:१०

पुणेकरांनो, तुमचा जुलै म्हणजे आमचा कोरडा ऋतू. असो. जीन्स परकी म्हणणाऱ्यांसाठी एक मुंबईची भर: डंगरी हा शब्द आमच्या डोंगरीचा. तिथे विकलं जाणारं जाड, स्वस्त सुती कापड जहाजांतून बाहेर गेलं आणि नाव घेऊन परत आलं. पायजमा आपल्याकडून गेला, कमरबंद गेला, जोधपुरी गेली. खाकी या शब्दाचा तर अर्थच धुळीच्या, मातीच्या रंगाचं.


उसवण | रात्री ९:३५

पेठकरीण ताई, एक विचारू? ज्या एकवीस साड्या उलट्या राहिल्या, त्यांचे ब्लाउज तुम्हाला आज होतात का?


मोडी_वाचक | रात्री १०:१५

मुंबईकरांच्या पुढे थोडं. पँट ही पश्चिमेची, हेच मुळात तपासायला हवं. आजवर सापडलेल्या सर्वांत जुन्या पँटी चीनमधल्या तुर्फान भागातल्या थडग्यांत मिळाल्या, लोकरीच्या, सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या. मध्य आशियातल्या घोडेस्वारांचा पोशाख तो. घोड्यावर बसायचं तर पाय वेगळे झाकायला हवेत. त्याला मांड्यांच्या मध्ये ऐसपैस तुकडा जोडलेला आहे आणि कमरेला बांधायला बंद. म्हणजे नाडीच! त्याच काळानंतर कितीतरी शतकं रोमन लोक अंगाभोवती टोगा गुंडाळत होते आणि पँट घालणाऱ्यांना रानटी समजत होते. मथुरेच्या संग्रहालयात कुशाण राजा कनिष्काचा शीर नसलेला पुतळा आहे, त्याच्या अंगात लांब कोट आणि पायांत जाड बूट आहेत, तोही आपल्याच मातीत.

आणि पुण्यातली गोष्ट. १९०५ च्या ऑक्टोबरात इथे विदेशी कपड्यांची होळी झाली. सावरकर तेव्हा फर्ग्युसनमध्ये शिकत होते, टिळक उपस्थित होते. आपल्या डोळ्यांसमोर येतात ते जळणारे कोट आणि हॅटा. पण मँचेस्टरच्या गिरण्या तेव्हा आपल्यासाठी धोतरजोड्याही विणून पाठवत. धोतर नेसलेला माणूस नखशिखांत विदेशी कपड्यात असू शकत होता. त्याच्याही आधी, १८७७ च्या दिल्ली दरबाराला पुण्याचे सार्वजनिक काका (गणेश वासुदेव जोशी) गेले ते हातच्या सुताची खादी अंगावर घालून. त्यांना कपड्याच्या कटाशी घेणं नव्हतं. सूत कोणी कातलं आणि पैसा कुठे गेला, हा त्यांचा प्रश्न.


पेठकरीण | रात्री ११:०२

उसवण, तुम्ही ज्योतिष बघता का?

मोडी_वाचकांचं वाचायचं सोडून आत्ता सगळे ब्लाउज पलंगावर मांडले. एकवीसपैकी होतात सहा. त्यातले दोन श्वास न घेता.


उसवण | सोमवार, सकाळी ७:५०

ज्योतिष नाही, शिलाई. वडील शिंपी होते, मी रविवार पेठेत ब्लाउज आणि ड्रेस शिवते. एकवीस वर्षं झाली. बायका येतात आणि सांगतात, ‘आता साडी जमत नाही बाई.’ दहापैकी आठ जणींना साडी जमत असते. नको असतो तो ब्लाउज.

साडीला माप नाही. तुमच्या लग्नातली साडी तुम्हाला आज होते, तुमच्या सासूबाईंना होते, लेकीला होते. एक पायरी जाड झालात तर दोन निऱ्या कमी. पण त्याच साडीचा ब्लाउज हा तुमच्या सगळ्या कपाटातला सर्वांत घट्ट, सर्वांत पाश्चात्य कपडा. हो, पाश्चात्य. ब्लाउज, पेटीकोट, नावं बघा ना. आधी आपल्याकडे खणाची चोळी होती, पुढे गाठ मारायची. गाठ कशी असते, जेवणानंतर सैल करता येते. ब्लाउजला आले हूक आणि टक. टक म्हणजे छातीचा आकार बसवायला घेतलेली ती निमुळती घडी. त्यात गोल मुंढा, म्हणजे बाही जोडायचा काखेचा काप, बाही बेतशीर. एक इंच वाढलात की गेला.

कुर्त्याचंही तसंच. जुना कुडता सरळ चौकोनी तुकड्यांचा. अंगाचा पन्ना, बाजूला कळ्या, आणि काखेत चौकोनी तुकडा, चौबगला. त्यामुळे हात वर केला तरी कुडता वर येत नाही. कापडही वाया जात नाही. आज दुकानात मिळते ती कुर्ती बाहेरून भारतीय, आतून शर्ट. गोल मुंढा, टक, मागे चेन. काखेत उसवते ती म्हणूनच. माझं नाव कुठून आलं कळलं?

आता तुमच्या उपयोगाचं. ब्लाउज उलटा करा, बाजूची शिवण बघा. शिवणीच्या आत जास्तीचं कापड सोडलेलं असतं, त्याला आम्ही माया म्हणतो. जुने शिंपी दोन्ही बाजूंना इंच-दीड इंच माया सोडायचे, त्यांना माहीत असायचं की बाई वाढणार. माया असेल तर उसवून सैल होतो, तासाभराचं काम. रेडिमेडला माया नसते. जीन्सला तर नाहीच.


आत्याबाई | सकाळी ८:२०

माया! किती वर्षांनी ऐकला हा शब्द. माझी आई लुगडं मध्ये विरलं की तेवढा भाग कापून काढायची आणि दोन तुकडे जोडायची, त्याला दंड घालणं म्हणायचे. दंड घातलेलं लुगडं म्हणजे गरिबीची खूण होती, पण अजून दोन वर्षं निघायची. मग त्याचं धडपं, मग गोधडी, मग फडकं. वनपीसला दंड घालून दाखवा कोणी.


बर्फातला_पुणेकर | सकाळी ९:११

इकडे उणे वीस आहे. आत थर्मल, वर जीन्स, वर जाकीट. दिवाळीला झब्बा घातला तोही जाकिटाखाली, कोणाला दिसला नाही. फोटोपुरती चेन उघडली. माझं मत मोजू नका.


ढोलवाली_०७ | दुपारी १२:३०

इथे सगळे ऑफिस आणि लग्नाचंच बोलतायत म्हणून. मी पथकात ढोल वाजवते, सहावं वर्ष. मिरवणुकीला आमचा पांढरा झब्बा, सलवार, डोक्याला फेटा. सरावाला नदीपात्रात सुरुवातीला मी जीन्स घालून जायचे. ढोल कमरेला दोरीने बांधतात. जीन्सचं बटण आणि तो धातूचा खिळा बरोब्बर दोरीखाली येतो. पहिल्याच आठवड्यात कमरेला हा एवढा वळ. दुसऱ्या दिवशी नाडीची सलवार. शिवाय गुडघ्यात वाकून ठेका धरायचा तर मांडीत जागा पाहिजे.

पण सलवारीला खिसा नाही! फोन, पाण्याचे पैसे, केसांचं रबर, सगळं कुठे ठेवायचं? झब्ब्याच्या बाजूच्या खिशातला फोन ढोलावर आपटतो. मुलांच्या झब्ब्याला दोन खिसे, आमच्याला एक आणि तोही उथळ. हे कोण ठरवतं?

आणि नाडी नेफ्यात आत गेली की संपलं. विसर्जनाच्या दिवशी अलका चौकात सेफ्टी पिनने नाडी ओढून काढलीय मी, चार मैत्रिणींच्या आडोशाला.


मोडी_वाचक | दुपारी १:००

खिशाचा प्रश्न रास्त आहे. नेसायच्या कपड्यात कनवट होती. धोतराच्या किंवा लुगड्याच्या कमरेच्या घडीत पैसे खोचायचे. ‘कनवटीला लावणे’ तिथूनच आलं. नऊवारीच्या ओच्यात तर बायका भाजीसुद्धा आणत. सहावारीत ओचा गेला, पर्स आली.

आणि ढोलवाली, तुम्हाला वळ उठवणारा तो खिळाही खिशामुळेच आला. जेकब डेव्हिस नावाचा अमेरिकेतला शिंपी. मजुरांच्या पँटींचे खिसे सारखे फाटायचे म्हणून त्याने कोपऱ्यांवर तांब्याचे खिळे ठोकले, आणि कापडाचा व्यापारी लेव्ही स्ट्रॉस याला सोबत घेऊन १८७३ मध्ये पेटंट मिळवलं. उसवू नये म्हणून केलेली गोष्ट.


उसवण | दुपारी १:०७

पाहिलंत? शिंपीच.

ढोलवाली, सलवारीला शिवणीतला खिसा पंधरा मिनिटांत बसतो. शिवून घेताना सांगायचं, ‘फोन मावेल असा’, आणि फोन काढून द्यायचा मापाला. नुसतं ‘खिसा’ म्हटलं की शिंपी रुमालाचा खिसा करतो.


परंपरा_जपा | दुपारी २:४५

सिंहगडावर दही-ताक विकणाऱ्या मावश्या नऊवारीत गड चढतात, डोक्यावर ओझं घेऊन. आणि आपली मुलं ट्रेकिंग पँट घालून धापा टाकतात. याला काय म्हणाल?


हिंजवडी_फेज३ | दुपारी २:५८

काका, हे मात्र पटलं. काष्टा घातला की नऊवारी म्हणजे पँटच झाली की, आणि ओचा वेगळा. मागच्या पाडव्याला शोभायात्रेत मी नऊवारी नेसून बुलेट चालवली. अडचण शून्य.

फक्त ती शिवलेली नऊवारी होती. चेनवाली. सांगून टाकलं.


आत्याबाई | दुपारी ३:३०

शिवलेली नऊवारी म्हणजे साडीचं सगळं घेतलं आणि तिची एकुलती एक हुशारी टाकून दिली. आता ती तुला पुढच्या वर्षी होणार नाही, बघ. त्या मावश्यांचं लुगडं त्यांना जन्मभर होतं.

पण परंपरा_जपा, त्या मावशींना एकदा विचारा. मी विचारलं होतं. म्हणाल्या, ‘लेकीला नाय नेसवायची, तिला डरेस. पावसाचं वल्लं लुगडं मांडीला घासतं, सोलून निघतं.’ आपण गडावर वर्षातून एकदा जातो, कौतुक करायला आपलं काय जातंय.


काळाकोट | दुपारी ४:१०

साक्षीदार उलटला.


पेठकरीण | शनिवार, रात्री ९:४५

सगळ्यांचे आभार. आठवडाभर घर म्हणजे कापडगंज झालंय.

पंधरा न होणारे ब्लाउज उलटे करून बघितले. नवांना माया निघाली. सगळे नऊ माझ्या आईच्या जुन्या शिंप्याकडचे. त्यांनी माझं लग्न ठरलं तेव्हाच माझा भविष्यकाळ ओळखला होता बहुतेक. ते आता नाहीत. उरलेले सहा एका झगमगीत दुकानातून ‘एका दिवसात’ शिवून घेतलेले, त्यांच्यात पाव इंचसुद्धा नाही. नऊ ब्लाउज उसवायला दिले.

उरलेल्या सहा साड्यांपैकी आजीचं निळं इरकल लेकीने पळवलं. मी म्हटलं ब्लाउज नाही त्याला, तर तिने माझा तो एकदाच वापरलेला फॉर्मल पांढरा शर्ट काढला, बाह्या दुमडल्या, त्यावर इरकल नेसली, खाली बूट. आरशात बघून मला म्हणाली, ‘तू उगाच पंधरा ब्लाउजचं रडगाणं गात होतीस.’ दिसत होती छान, हे मी तिला सांगितलेलं नाही. परवा ऑफिसला मी पण सुती साडीखाली काळा टी-शर्ट घातला. डेक्कनच्या स्टेशनवर जिने चढले, येरवड्याला उतरले. स्कूटर नव्हती, म्हणून जमलं. दुपारी तीननंतर पहिल्यांदाच हूक सैल करावासा वाटला नाही, कारण हूकच नव्हता. लिफ्टमध्ये एका बाईंनी नापसंतीने बघितलं, तेवढं चालायचं.

स्कूटरच्या दिवशी जीन्स-कुर्ताच राहणार. चारपैकी दोन जीन्स ठेवल्या, विरलेल्या दोन काढल्या. कुर्त्यांतले सात उलटे उसवणच्या सांगण्यावरून तपासले, पाच ‘आतून शर्ट’ आहेत, काखेत काचतात. म्हणून उलटे राहिले होते, आत्ता कळलं. ताणाबाणांचा धागा जाळायचा प्रयोगही केला, दोन मणी झाले. ते आणि वनपीस कामवाल्या मावशींच्या मुलीने आनंदाने नेले. कपाटात अजून अर्धा कप्पा रिकामा आहे, नवऱ्याची त्यावर नजर आहे.

जरीच्या दोन साड्या जुन्या घडीवर तुटल्या होत्या. आज सकाळी बोहारीण आली तिला दाखवल्या. एक स्टीलचा पाच किलोचा डबा, झाकणासकट. आईच्या वेळी यात घंगाळं आलं असतं म्हणे.


ढोलवाली_०७ | रात्री ९:५८

उसवण ताई, खिशाचं सलवारीला करून द्याल का? आमच्या पथकातल्या अकरा जणी आहेत.


उसवण | रात्री १०:१०

व्यनि (खाजगी निरोप) केलाय. श्रावणाआधी या, गणपतीच्या तोंडावर आणलंत तर मिळणार नाही. फोन सोबत आणा. अकराही.


डेक्कनचा_टोण्या | रात्री १०:२२

बोहारणीला जीन्स दिली तर काय मिळतं?


पेठकरीण | रात्री १०:२५

विचारलं होतं. दोन जीन्सवर एक चहाची गाळणी.


आत्याबाई | रात्री १०:३१

स्टीलची का प्लॅस्टिकची?